कॅन्सर तपासणी शिबिराचा उपयोग झाला की नाही, हे शोधायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर जिल्ह्यातली एक संस्था दरवर्षी ८ मार्चच्या आसपास बायकांसाठी मोफत कॅन्सर तपासणी शिबिर घेते. गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड, तिन्ही तपासण्या एकाच दिवशी होतात. यंदा देणगीदारांनी विचारलं, ‘एवढ्या खर्चाने नक्की फरक काय पडतो?’ संस्थेतल्या एका ताईंनी नुकतंच सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण संपवलंय. त्यांनी मला विचारलं, ‘यावर संशोधन करायचं तर कुठून सुरुवात करू? आणि या क्षेत्रातला संशोधक नेमकं करतो तरी काय?’

ताई, शिबिराचा दिवस सध्या बाजूला ठेवा. शिबिरात जिला ‘पुढे दाखवून या’ असं सांगितलं, तिचं पुढच्या सहा महिन्यांत काय झालं, तिथून सुरुवात करा. तपासणीचा सगळा फायदा तपासणीनंतरच्या वाटेवर मिळतो आणि गळतीही तिथेच होते. माझं बरंचसं काम गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर झालं आहे, म्हणून उदाहरणं जास्त त्यातलीच देतो.

सोलापूर जिल्ह्यात आहात म्हणजे या विषयाच्या माहेरीच आहात. बार्शीत १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातली नोंदणी मुख्यतः रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे ते शक्य नव्हतं, कारण गावातला रुग्ण बऱ्याचदा रुग्णालयापर्यंत पोचतच नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत गावोगाव फिरायचे, कोणाला अंगावरून जातंय, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाहीये याची चौकशी करायचे आणि तपासणीला न्यायचे. काही वर्षांत एक गोष्ट लक्षात आली. या बोलण्या-सांगण्यामुळेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागले होते. त्या वेळी तिथे तपासणीचा कुठलाही कार्यक्रम सुरू नव्हता.

याच पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, मोठा प्रयोग उभा राहिला. गावांचे ५२ समूह केले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही चाचणी, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा शोध. दुसऱ्याची पॅप स्मीअर, म्हणजे तिथल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का, याची नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती. तपासणी एकदाच केली आणि आठ वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

त्यातले आकडे नीट वाचायला शिका, कारण अर्धं शास्त्र त्या वाचण्यात आहे. एचपीव्ही गटात कॅन्सर सापडले १२७, तपासणी न झालेल्या गटात ११८. दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. वरवर बघणारा म्हणेल, मग उपयोग काय झाला? पण पुढे वाचा. दुसऱ्या टप्प्यात किंवा त्याच्याही पुढे गेलेले कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ होते, दुसरीकडे ८२. मृत्यू ३४ आणि ६४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. शिवाय ज्या बायकांची एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांच्या साधारण चौथा हिस्साच होतं. म्हणजे ‘तुम्हाला काही नाही, निश्चिंत राहा’ हे वाक्य कुठल्या चाचणीनंतर जास्त विश्वासाने बोलता येतं, याचं उत्तर मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत आपल्या शेजारच्या गावांतल्या या बायका आहेत.

आता मुंबईकडे या. टाटा मेमोरियलने १९९८ पासून तिथल्या वस्त्यांमध्ये व्हीआयएचाच प्रयोग केला, पण दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या होत्या. १२ वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी दिसले. मजा म्हणजे कॅन्सर होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. मग मृत्यू घटले कशामुळे? कॅन्सर लवकर सापडला, हे एक. आणि तपासणीच्या गटातल्या ८६ टक्के रुग्णांनी उपचार घेतले, दुसऱ्या गटात ७२ टक्क्यांनी. बोलावलेल्यांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या आणि संशयास्पद निघालेल्यांपैकी ७९ टक्के पुढच्या निदानासाठी पोचल्या, तेव्हा कुठे हा निकाल लागला. मुंबईत, टाटाचं पाठबळ असताना, घरोघरी जाणारी माणसं असताना! तुमच्या शिबिरात हे प्रमाण काय आहे, हे तुम्ही मला सांगू शकाल का? बहुतेक संस्थांना सांगता येत नाही. त्यांच्या अहवालात ‘६४० महिलांची तपासणी’ अशी ओळ असते आणि मान्यवरांच्या फोटोंची दोन पानं.

थोडं गणित करून बघू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. १००० बायका आल्या, त्यांपैकी १० जणींना खरोखर कॅन्सरपूर्व बदल आहेत. व्हीआयएने त्यातल्या ७ पकडल्या. उरलेल्या ९९० जणींपैकी ८ टक्क्यांच्या, म्हणजे ७९ जणींच्या बाबतीत उगीचच पांढरा डाग दिसल्यासारखा वाटला. एकूण ८६ जणींना ‘जिल्ह्याला जा, कोल्पोस्कोपी करून घ्या’ असं सांगितलं, म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुखाची तपासणी. त्यातल्या निम्म्याच गेल्या तर खऱ्या ७ पैकी तीन-चार जणींनाच उपचार मिळाले. बाकीच्या चाळीसेक जणी ‘आपल्याला कॅन्सर आहे’ या धास्तीत घरी बसल्या. अहवालात मात्र आकडा पडतो १०००!

ही धास्ती किती महागात पडते, हे मराठवाड्यात काम केलेल्या कोणालाही विचारा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये चव्हाट्यावर आलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात जाते आणि ‘पिशवी खराब झालीय, नाही काढली तर कॅन्सर होईल’ असं ऐकून येते. साध्या जंतुसंसर्गावर गोळ्या द्यायच्या तिथे ऑपरेशन होतं, तेही तिशीच्या आसपास. म्हणून माझा एक आग्रह असतो: शिबिरात संशयास्पद निघालेल्या बाईच्या हातात नुसती ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेली चिठ्ठी कधीही देऊ नका. ती चिठ्ठी कोणाच्या टेबलावर जाईल याचा नेम नाही. ‘हा कॅन्सर नाही, पुढची एक तपासणी बाकी आहे, पिशवी काढायची गरज ठरलेली नाही’ ही तीन वाक्यं तिला तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही मोठ्या अक्षरात मराठीत छापा.

तपासणीच्या खोलीत काय होतं तेही संशोधकाने एकदा तरी उभं राहून पाहावं. ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावायचं आणि घड्याळात बघून पूर्ण एक मिनिट थांबायचं. बाहेर रांग असली की या मिनिटाची वीस सेकंदं होतात. उजेड कमी असला की पांढरेपणा कळत नाही, मोबाइलच्या टॉर्चने तर नाहीच. द्रावण त्या दिवशी ताजं केलेलं हवं. मागच्या शिबिरातली उरलेली बाटली वापरू नये. गर्भाशयमुखाच्या ज्या सीमेवर हे कॅन्सरपूर्व बदल होतात, ती सीमा पाळी गेल्यानंतर आत सरकते, त्यामुळे पन्नाशीपुढच्या बाईत व्हीआयए निगेटिव्ह आली तरी तिला फारसा अर्थ नसतो. आणि शिबिरात हौसेने पुढे येतात त्यात याच वयाच्या बायका बऱ्याच असतात! तुमच्या संशोधनाचा पहिला भाग इथे होऊ शकतो. तपासणाऱ्या प्रत्येक सिस्टरमागे पॉझिटिव्हचं प्रमाण किती, ते काढा. एकीचं दोन टक्के आणि दुसरीचं वीस टक्के असेल तर तो फरक बायकांच्या आजारातला नाही, बघण्यातला आहे.

मग रजिस्टर उघडा. मोबाइल नंबरचा रकाना बघा. तो बहुधा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. ‘तुमच्या आईंचा रिपोर्ट आलाय’ असा फोन पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला जातो, त्याला आई कशाला गेली होती हेच माहीत नसतं. पत्त्याच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव. वयाच्या रकान्यात ३५, ४०, ४५ असे गोल आकडे. परत बोलावल्याची तारीख कोरी. एवढं एक रजिस्टर मन लावून वाचलंत तर संशोधनाचे चार प्रश्न तिथेच सापडतील.

तारखेचा मुद्दा वेगळा सांगतो. तुमच्या भागातल्या ऊसतोड टोळ्या दसरा-दिवाळीला मुकादमाबरोबर निघतात आणि साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ८ मार्चला गावात शिबिर भरवलंत तर ज्या बायकांना पुन्हा दवाखाना बघायला वर्षभर फुरसत नसते, नेमक्या त्याच गावात नसतात. येतात त्या बचत गटाच्या कार्यक्रमाला नेहमी येणाऱ्या. त्यातल्या काहींची ही तिसरी-चौथी तपासणी असते. म्हणून टक्केवारी काढताना छेदात शिबिराला आलेल्या बायका धरू नका, गावातल्या ३० ते ६५ वयाच्या सगळ्या बायका धरा. आशाताईंकडे तिशीपुढच्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका विचारणाऱ्या प्रश्नावल्या, भरलेले असतात, ती यादी घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. स्तनांची ०.९ टक्के. सरकारने २०१६ मध्येच तिन्ही तपासण्यांचा आराखडा काढला होता, तरी ही स्थिती. न आलेल्या बाईचा अभ्यास आलेल्या बाईपेक्षा जास्त मोलाचा का, ते यावरून कळेल.

देणगीदार एक गोष्ट हमखास म्हणतात, ‘तुमच्यामुळे सापडलेले रुग्ण जास्त वर्षं जगले, एवढं दाखवा म्हणजे झालं.’ हे मान्य करू नका. समजा एखाद्या बाईचा मृत्यू २०३० मध्येच होणार आहे. कॅन्सर २०२८ ला सापडला तर ती दोन वर्षं जगली, २०२५ ला सापडला तर पाच. जगण्यात एका दिवसाची भर पडली नाही, आपण मोजायला लवकर सुरुवात केली एवढंच. शिवाय तपासणीत संथ वाढणारे कॅन्सर जास्त सापडतात; झपाट्याने वाढणारे दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच लक्षणं घेऊन येतात. आणि काही तर आयुष्यभर त्रासच देणार नसतात. दक्षिण कोरियात कॅन्सर तपासणीच्या लाटेत गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरची नोंद १९९३ च्या १५ पट झाली. मृत्यूंचा आकडा जागचा हलला नाही. हजारो लोकांच्या गळ्यावर ऑपरेशनची खूण आणि जन्माची गोळी, एवढी मात्र कमाई झाली. म्हणून मोठे प्रयोग मृत्यू मोजतात आणि त्यासाठी दहा-वीस वर्षं थांबतात.

स्तनांच्या तपासणीचं त्यामुळेच जपून बोलावं. मुंबईतच दीड लाखाहून जास्त बायकांवर, प्रशिक्षित कार्यकर्तीने हाताने तपासण्याचा प्रयोग झाला आणि २० वर्षांच्या पाठपुराव्याचा निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशी व त्यापुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. त्यापेक्षा लहान वयात ठोस फायदा नाही. मॅमोग्राफीच्या व्हॅनसमोर पंचविशीच्या मुलींची रांग लावणाऱ्यांनी हे वाचावं. तोंडाच्या तपासणीचा पुरावा केरळमधून आला: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. आपल्याकडे बायकांना ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ‘नाही’ असंच उत्तर येतं. ‘मिश्री लावता का?’ असं विचारा, मग खरी मोजदाद होते.

संशोधनाच्या नैतिकतेबद्दलही बोलायला हवं, कारण तुम्हाला तो प्रश्न विचारला जाईल. उस्मानाबाद आणि मुंबईच्या प्रयोगांत ज्या गटाला तपासणी मिळाली नाही, त्यातल्या बायकांच्या मृत्यूंवरून पुढे मोठं वादळ उठलं. टीकाकारांचं म्हणणं, पॅप तपासणीने मृत्यू घटतात हे उत्तर युरोपातल्या अनुभवावरून आधीच ठाऊक होतं. मग तुलनेसाठी बायकांना विनातपासणी का ठेवलं? संशोधकांचं म्हणणं, त्या वेळी इथे कोणालाच तपासणी मिळत नव्हती, आणि युरोपातली पॅप व्यवस्था इथे चालेल याचा पुरावा नव्हता. पॅपच्या गटात मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हे त्यांच्या बाजूने जातं. माझं मत विचाराल तर १९९८-९९ साली तो प्रश्न खुला होता असं मी मानतो. पण निकाल आल्यानंतर आज असा गट ठेवता येणार नाही. तुमच्या अभ्यासात ‘तपासणी विरुद्ध काहीच नाही’ अशी तुलना नको. तुलना करायची ती पोचवण्याच्या दोन पद्धतींची.

एचपीव्हीविरुद्धच्या लसीच्या बाबतीत तर वादातूनच उत्तर निघालं. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात, याचा अभ्यास सुरू झाला. केंद्रांमध्ये बार्शी आणि पुणेही होतं. तेवढ्यात आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लस प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध चौकशीत दिसला नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले गेले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशभरच्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. त्यामुळे सुमारे ४,९५० मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की एचपीव्ही १६ आणि १८ या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास रोखला जातो. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल असं सांगितलं, त्यात या मुलींचा वाटा मोठा. त्याच वर्षी पुण्याच्या सीरमच्या लसीला भारतात परवानगी मिळाली. लस मुलींसाठी, त्यांच्या आयांना तपासणीच लागणार, हे मात्र गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता तुमचं काम. मृत्यू घटले का, हे तुमच्या शिबिरावरून कधीच सिद्ध होणार नाही, संख्या तेवढी नाही. देणगीदारांना हे आधीच स्पष्ट सांगा. मागच्या तीन वर्षांत संशयास्पद निघालेल्या प्रत्येक बाईची यादी करा आणि घरी जाऊन विचारा: कोल्पोस्कोपी झाली का, कधी, कुठे, बायोप्सीचा निकाल तिच्या हातात पडला का, उपचार झाले का, नसतील तर कुठे अडलं. कारणं तिच्याच शब्दांत लिहून घ्या. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, सोबत कोण येणार, सासूला काय सांगायचं, जिल्ह्याच्या रुग्णालयात केसपेपर काढायला उभं राहिल्यावर ‘मॅडम आज नाहीत’ ऐकून परत येणं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात, पण त्याआधीच्या निदानाच्या फेऱ्यांचा खर्च तिच्याच पदरचा असतो. सर्वांत जास्त बायका कुठल्या पायरीवर थांबल्या, हे या यादीतून आकड्यांत दिसेल.

मग त्या एकाच पायरीवर बदल करून बघा. समजा गळती जिल्ह्याच्या फेरीत आहे. तर काही गावांत त्याच दिवशी उपचारांची सोय करा. थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे बदल झालेला भाग उष्णतेने जाळण्याचं, बॅटरीवर चालणारं यंत्र पिशवीत मावतं, गॅसचे सिलिंडर लागत नाहीत, प्रत्यक्ष उपचार मिनिटाच्या आत होतो. डाग योग्य जागी आणि मर्यादेत आहे, कॅन्सरचा संशय नाही, हे बघणारी प्रशिक्षित व्यक्ती मात्र हवी. दुसऱ्या गावांत आशाताईंनी सोबत नेण्याची व्यवस्था करा. कुठलं गाव कुठल्या गटात, हे सरपंचांच्या आग्रहावर ठरवू नका, चिठ्ठीने ठरवा. ९० दिवसांत निदान आणि उपचार पूर्ण झालेल्या बायकांचं प्रमाण, एवढा एकच मुख्य निकष ठेवा. संस्थेला परवडत असेल तर तिसऱ्या काही गावांत बाईने स्वतःच घेतलेल्या नमुन्यावर एचपीव्ही चाचणी करून बघा. टेबलावर झोपायची लाज हे न येण्याचं कारण असेल तर तिथे फरक दिसेल.

नीतिमत्ता समितीची परवानगी घेतल्याशिवाय एकाही घराची कडी वाजवू नका, जुनी रजिस्टर असली तरीही. घरी जाणारी व्यक्ती त्याच गावातली नको. दारात ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारायचा नाही, आरोग्य तपासणीबद्दल आलोय एवढंच सांगायचं आणि बाई एकटी भेटली तरच पुढचं बोलायचं. अर्ज, प्रश्नावली आणि मुलाखती घेणाऱ्यांचं प्रशिक्षण यात दोन-तीन महिने सहज जातात. आत्ता कामाला लागलात तर पाडव्यानंतर टोळ्या गावात परतल्या की घरभेटी सुरू करता येतील.